मजुरांविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा

दिवाणी अदालतीची पायरी ज्यांना एकदा तरी चढावी लागली आहे, त्या आमच्या सर्व वाचकांस तेथील एक साधा नियम ठाऊक असेल. दावा शंभर रुपयांचा असो की लाखाचा, प्रतिवादीवर समन्स बजावल्यावाचून आणि त्यास आपली कैफियत मांडण्याची संधी दिल्यावाचून त्याच्याविरुद्ध हुकूमनामा करिता येत नाही. समन्स पोचूनही तो गैरहजर राहिला तरच काम एकतर्फी चालते. आणि समन्स रीतसर लागलेच नव्हते असे त्याने मागाहून सिद्ध केले, तर तो एकतर्फी हुकूमनामा रद्द करावा लागतो. शंभर रुपयांच्या दाव्यात जी काळजी कायदा घेतो, ती लाखो माणसांच्या पोटाचा प्रश्न आला की कोठे जाते? दोन सरकारे एका मेजावर बसून खुल्या व्यापाराचा करार करितात. त्या कराराने अमुक धंद्यावरील जकात उठते, तमुक धंद्यात परदेशी माल येऊ लागतो, आणि त्या धंद्यातील मजुराच्या रोजीचा निकाल लागतो. परंतु या दाव्यात मजुरास ना समन्स, ना सुनावणी. निकाल लागल्यावर तो रस्त्यावर येऊन ओरडू लागला, म्हणजे शहाणीसुरती माणसे त्यास म्हणतात की, बाबा, तू प्रगतीच्या आड येत आहेस!

हा आरोप कितपत खरा आहे, याचा विचार आज आम्हांस करावयाचा आहे. आपल्या देशाने गेल्या काही वर्षांत असे करार भराभर केले आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या संघाशी 10 मार्च 2024 रोजी करार झाला व तो 1 ऑक्टोबर 2025 पासून अमलात आला. विलायतेशी झालेल्या करारावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या. तत्पूर्वी 2019 च्या नोव्हेंबरात पूर्व आशियातील पंधरा देशांबरोबरच्या मोठ्या करारातून हिंदुस्थानने बँकॉक येथे अगदी शेवटच्या घटकेस अंग काढून घेतले. त्या वेळी भारतीय मजदूर संघ एका बाजूने, आणि आयटक व सिटू दुसऱ्या बाजूने, असे एरव्ही एका मांडवाखाली न बसणारे मजूर संघ एकाच सुराने विरोध करीत होते; दूधउत्पादक शेतकरी त्यांच्या जोडीस होते. 2018-19 साली त्या पंधरा देशांशी आपल्या व्यापारातील तूट सुमारे 105 अब्ज डॉलर होती, आणि तिच्यातील निम्मा वाटा एकट्या चीनचा होता. शेवटी सरकारनेच त्या करारास नकार दिला. तेव्हा मजूर ओरडतो तो अडाणीपणानेच ओरडतो, असे निदान त्या प्रसंगावरून तरी कोणास म्हणता येणार नाही.

खुल्या व्यापाराच्या कैवाऱ्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. डेव्हिड रिकार्डो याने 1817 साली इंग्लंडचे कापड व पोर्तुगालचे मद्य यांचा दाखला देऊन असे दाखविले की, ज्या देशास जे काम तुलनेने अधिक सुकर, ते त्याने करावे व बाकीचे विकत घ्यावे. म्हणजे दोन्ही देश पूर्वीपेक्षा संपन्न होतात. हिशेब म्हणून हा हिशेब बिनचूक आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती ग्रंथात जितकी सोपी तितकी गावात सोपी नाही. ती अशी की, कापडाच्या धंद्यातून सुटलेला माणूस सहजासहजी दुसऱ्या धंद्यात जाऊन बसतो. इचलकरंजीत वीस वर्षे यंत्रमागावर उभा राहिलेला, मीटरवर मजुरी मिळविणारा विणकर काम बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी औषधाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होत नाही. त्याचे कसब मागाला बांधलेले असते, घर गावाला आणि मुले शाळेला. भांडवल मात्र तारेच्या एका खटक्यासरशी सातासमुद्रापार जाऊ शकते. ज्या शर्यतीत एकाच्या पायात बेडी व दुसऱ्याच्या पायाला पंख, तिला खुली शर्यत म्हणणे हे शब्दांशी खेळणे होय. देशाचा एकंदर फायदा होतो हे खरे धरले, तरी तो फायदा कोट्यवधी गिऱ्हाइकांत पैशापैशाने वाटला जातो, आणि तोटा मात्र थोड्या गावांच्या माथी सगळा एकदम पडतो. फायद्याची बेरीज करणाऱ्यांनी ही वजाबाकीही मांडली पाहिजे.

महाराष्ट्रास तर ही वजाबाकी नवी नाही. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या आग्रहामुळे 1882 साली हिंदुस्थानातील बहुतेक आयात जकाती उठविण्यात आल्या. पुढे तिजोरीच्या गरजेसाठी जकात पुन्हा बसवावी लागली, तेव्हा लँकेशायरचे समाधान व्हावे म्हणून 1896 पासून येथील गिरण्यांत विणलेल्या कापडावरही शेकडा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर लादला गेला. परक्या मालावर जेवढी जकात, तेवढाच आपल्या मालावर कर, म्हणजे दोघांस सारखा न्याय, असे त्यास गोंडस नाव होते! त्या अन्यायाविरुद्ध महाराष्ट्रात विलायती कापडाच्या बहिष्काराची हाक उठली. मालकांनी, पुढाऱ्यांनी व कौन्सिलांतील सभासदांनी अर्जांवर अर्ज केले. कर हलला नाही. मग 1925 साली मुंबईच्या मालकांनी धंद्याच्या मंदीचे कारण सांगून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, आणि सप्टेंबरपासून सुमारे दीड लाख गिरणीकामगार संपावर गेले. अडीच महिने चुली थंड राहिल्या. अखेर 1 डिसेंबर 1925 रोजी सरकारने तो कर तहकूब केला, मालकांनी कपात मागे घेतली, आणि गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले.

या इतिहासापासून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा की, जकातीचा प्रश्न हा केवळ मालक व सरकार यांचा आपसांतील प्रश्न आहे, ही समजूत शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरली. जकातीचा आकडा दिल्लीत बदलतो व त्याचा शेवटचा हप्ता परळच्या चाळीत वसूल होतो. दुसरा बोध मालकवर्गास कडू वाटेल, परंतु तो सांगितलाच पाहिजे. देशी धंद्यास संरक्षण मिळावे अशी मागणी करिताना मालक मजुराचे नाव पुढे करितात, आणि संकट आले म्हणजे पहिली कुऱ्हाड त्याच मजुराच्या मजुरीवर घालतात. अबकारी कराचा बोजा सरकारने लादला होता. परंतु तो मजुराच्या पाठीवर टाकण्याचा उद्योग देशी मालकांनीच केला. म्हणून आम्ही स्वदेशीचे अभिमानी असूनही असे म्हणतो की, संरक्षण हे गिरणीच्या चिमणीचे नव्हे, तर त्या चिमणीखाली राबणाऱ्या माणसाचे झाले पाहिजे. ज्या संरक्षणाने मालकाचा नफा वाढतो व मजुरी जागच्या जागी राहते, ते स्वदेशीचे सोंग होय.

आता हा प्रश्न स्वतंत्र व श्रीमंत राष्ट्रांतही कसा उभा राहिला, ते पाहू. कारण पुष्कळांस असे वाटते की, आपली गाऱ्हाणी ही पारतंत्र्याच्या काळातील असून आता त्यांचे प्रयोजन उरलेले नाही. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांचा खुल्या व्यापाराचा करार 1 जानेवारी 1994 रोजी अमलात आला. तो अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेत 17 नोव्हेंबर 1993 रोजी 234 विरुद्ध 200 मतांनी मंजूर झाला. म्हणजे देश जवळजवळ दुभंगलेला होता. तेथील मजूर महासंघाने जिवाचे रान करून विरोध केला. त्याचे म्हणणे असे की, मेक्सिकोत मजुरी अल्प आहे, तेथील मजुरास आपला संघ आपण निवडण्याची मोकळीक नाही, म्हणून कारखाने तिकडे जातील व जे जाणार नाहीत ते जाण्याची धमकी देऊन येथील मजुरी दाबतील. अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर असे उत्तर दिले की, एकंदर देशाच्या दृष्टीने परिणाम अल्प होईल व बहुधा चांगलाच होईल.

दोघांचेही म्हणणे खरे ठरले, आणि यातच या प्रश्नाचे मर्म आहे. एकंदर देशाच्या उत्पन्नाकडे पाहता त्या कराराचा परिणाम थोडाच झाला, असे बहुतेक अभ्यासकांस आढळले. परंतु शुशानिक हकोब्यान व जॉन मॅक्लॅरेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1990 ते 2000 या दशकातील मजुरीचे आकडे तपासले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. ज्या धंद्यांवरील संरक्षण उठले, त्यांतील कमी शिकलेल्या मजुरांच्या मजुरीची वाढ, ज्या धंद्यांस या कराराची झळ लागली नाही त्यांतील तशाच मजुरांच्या मानाने, 17 टक्के अंकांपर्यंत मागे पडली होती. याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट ही की, अशा गावांत ज्यांचा त्या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता, अशा खाणावळीत व इतर किरकोळ कामांत असलेल्या मजुरांचेही नुकसान झाले. कारखान्याचा पगार थांबला म्हणजे त्या पगारावर जगणारी सारी बाजारपेठ सुकते; आणि कारखान्यातून सुटलेली माणसे मिळेल त्या कामासाठी रांगेत उभी राहिली म्हणजे इतरांचीही मजुरी पडते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

आता त्याच प्रकरणाचा उत्तरार्ध पाहावा, कारण आमच्या मते मजूर संघांनी व सरकारनेही शिकण्यासारखे जे काही आहे ते त्यात आहे. 1994 च्या कराराबरोबर मजुरांच्या हक्कांविषयी एक पुरवणी करारही झाला होता. परंतु त्यात मेख अशी मारून ठेविली होती की, बालमजुरी, किमान वेतन व कामावरील सुरक्षितता यांबद्दलचे तंटे तेवढे लवादापर्यंत जाऊ शकत. संघ स्थापण्याच्या व संप करण्याच्या मूळ हक्कांविषयी मात्र मंत्र्यांनी एकमेकांशी बोलावे, एवढाच उपाय ठेविला होता. मंत्री बोलले, मजुरास काही मिळाले नाही. पुढे त्या कराराच्या जागी नवा करार आला, तो 1 जुलै 2020 रोजी अमलात आला. या खेपेस अमेरिकेच्या मजूर महासंघाने नुसता नकार देऊन न थांबता 2019 च्या वर्षभर कलमाकलमाची वाटाघाट केली आणि कसूर केल्यास ताबडतोब चौकशी होईल व त्या विशिष्ट कारखान्याच्या मालाची सवलत थांबविता येईल, अशी तरतूद पदरात पाडून घेतली. मोटारी जकातमाफ होण्यासाठी त्यांच्या किमतीचा 40 ते 45 टक्के भाग तासाला निदान 16 डॉलर मजुरी असलेल्या ठिकाणी निर्माण झाला पाहिजे, अशी अटही त्यात आली. हे साधल्यावर मग महासंघाने आपली संमती दिली.

ही तरतूद कागदावर राहिली काय? नाही. मेक्सिकोतील सिलाव येथे जनरल मोटर्सचा कारखाना आहे व त्यात सहा हजारांवर मजूर आहेत. तेथे जुन्या संघाने मालकाशी केलेला वेतनकरार मजुरांस मान्य आहे की नाही, याचे मतदान 2021 च्या एप्रिलमध्ये सुरू असता मतपत्रिका नष्ट झाल्याचे उघडकीस आले. अमेरिकेने मे महिन्यात या नव्या तरतुदीखाली चौकशी मागितली. ऑगस्टात पुन्हा मतदान झाले, व मजुरांनी तो जुना करार बहुमताने फेटाळला. 2022 च्या फेब्रुवारीत त्यांनी तीन-चतुर्थांशाहून अधिक मतांनी स्वतःचा स्वतंत्र संघ निवडला, आणि मे महिन्यात त्या संघाने साडेआठ टक्के पगारवाढ मिळविली. जे सत्तावीस वर्षांच्या गोड शब्दांनी झाले नाही, ते एका सक्तीच्या कलमाने एका वर्षात झाले. व्यापार तर थांबला नाही. उलट मेक्सिकन मजुराच्या पदरात दोन पैसे अधिक पडले.

येथे एक राष्ट्रीय आक्षेप निघतो व तो वजनदार आहे. श्रीमंत राष्ट्रे मजुरांच्या हक्कांचे नाव करून गरीब राष्ट्रांचा माल अडवितील, हे कलम म्हणजे मागल्या दाराने आणलेली जकातच होय, असे आपले सरकार 1996 च्या सिंगापूर येथील जागतिक व्यापार परिषदेपासून सांगत आले आहे. आणि आपल्या पुष्कळ मजूर संघांचेही मत तेच होते. ही भीती पोकळ नाही. वर सांगितलेल्या तरतुदीचा रोखही व्यवहारात मेक्सिकोच्या कारखान्यांकडेच आहे, अमेरिकेच्या नव्हे. दुसऱ्याच्या घरची झाडाझडती घेणाऱ्याने आपले दार बंद ठेवावे, हा न्याय आम्हांस मान्य नाही. परंतु यावरील उपाय कलमच नको म्हणणे हा नसून, कलम दोन्ही बाजूंस सारखे लागू करणे व त्याची चावी परदेशच्या मंत्र्याच्या हाती न देता उभय देशांच्या मजुरांच्या हाती देणे, हा आहे. आपल्या मजुराचे हक्क पायदळी तुडविण्याची मुभा म्हणजे राष्ट्राचे स्वातंत्र्य, अशी व्याख्या कोणी करीत असेल तर ती व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्या घरी काय स्थिती आहे, ते कायद्याच्या दृष्टीने पाहू. एक म्हणजे करार होण्यापूर्वीची. आपल्या राज्यघटनेप्रमाणे परराष्ट्रांशी तह करणे व ते अमलात आणणे हा विषय संघसूचीच्या चौदाव्या नोंदीत आहे, आणि कलम 253 अन्वये त्यांच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेस आहे. परंतु तह करण्यापूर्वी वा कायम करण्यापूर्वी तो संसदेपुढे ठेविलाच पाहिजे, असे बंधन कोठेही नाही. राज्यघटनेच्या कार्याचा फेरविचार करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने 2002 साली या विषयावर संसदेने कायदा करावा अशी शिफारस केली. ती दप्तरात पडून आहे. ज्या विलायतेशी आपण करार केला, तेथे 2010 च्या कायद्यान्वये करार कायम करण्यापूर्वी बैठकीचे एकवीस दिवस तो पार्लमेंटपुढे ठेवावा लागतो. अमेरिकेत 1974 च्या व्यापार कायद्याने मजूर संघांची एक सल्लागार समितीच नेमून दिली आहे. आपल्या येथे विलायतेच्या कराराचा मसुदा जनतेस वाचावयास मिळाला तो सह्या झाल्या त्या दिवशी! वरातीमागून घोडे म्हणतात ते याहून निराळे काय असते?

दुसरी स्थिती करारातील अटींची. युरोपातील त्या चार देशांच्या करारात पंधरा वर्षांत 100 अब्ज डॉलरांचे भांडवल येईल व दहा लाख रोजगार निर्माण होतील, असे उद्दिष्ट लिहिलेले आहे. आणि भांडवल न आल्यास आपण दिलेल्या सवलती काही काळाने कमी करण्याची वाटही ठेविली आहे. रोजगाराचा आकडा करारात आला, ही सुधारणा आम्ही मोकळ्या मनाने मान्य करितो. परंतु त्याच करारातील मजूरविषयक प्रकरण तंटे मिटविण्याच्या यंत्रणेतून वगळलेले आहे. मालकाच्या सवलतीचा भंग झाला तर पंच बसतात. मजुराच्या हक्काचा भंग झाला तर अधिकारी चर्चा करितात. 1994 च्या अमेरिकी पुरवणी कराराची जी गत झाली, तीच वाट आपण तीस वर्षांनंतर पुन्हा धरीत आहो.

तिसरी स्थिती करारानंतरची, आणि हीत अन्याय सर्वांत ढळढळीत आहे. परदेशी माल त्याच्या घरच्या किमतीहूनही स्वस्त दराने येथे ओतला गेला, तर त्यावर जादा जकात बसविण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. परंतु तिच्याकरिता केलेल्या 1995 च्या नियमांत हितसंबंधी पक्ष कोण, याची जी व्याख्या आहे, तीत परदेशी उत्पादक व निर्यातदार आहेत, आयात करणारा आहे, निर्यात करणाऱ्या देशाचे सरकार आहे, येथील उत्पादक व त्यांची मंडळे आहेत. तो माल वापरणारे कारखानदार व ग्राहकांच्या संघटना यांनाही आपले म्हणणे मांडण्याची संधी आहे. फक्त ज्याच्या हाताने तो माल होतो, त्या मजुराचे नाव नाही! जागतिक व्यापाराच्या मूळ करारातील एका टिपेत तर, काही देशांत मजूर वा त्यांचे प्रतिनिधीही असा अर्ज करू शकतात, याचा स्वच्छ उल्लेख आहे. म्हणजे बाहेरचा कायदा आडवा येत नाही, आडवा येतो तो आपलाच संकोच. आणि काम गेलेच, तर त्या मजुरास काय मिळते? 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या मजुरास नवे कसब शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने द्यावी, असे आहे. पंधरा दिवसांत जुना धंदा विसरून नवा शिकावा असा हा हिशेब! तोही कायद्याच्या हजेरीपटावर असलेल्यांपुरता. भिवंडी-मालेगावच्या लहान लहान शेडांतून तोंडी बोलीवर राबणाऱ्यांच्या वाट्यास ते पंधरा दिवसही येणे कठीण.

कोणी म्हणेल की, राजनैतिक वाटाघाट चव्हाट्यावर करिता येत नाही. कबूल. आपला शेवटचा भाव काय, हे कोणताही व्यापारी गिऱ्हाइकास आधी सांगत नाही. परंतु भाव गुप्त ठेवणे निराळे व सौदा कशाचा चालला आहे हेच घरच्या माणसांपासून लपविणे निराळे. कोणकोणत्या धंद्यांवरील जकातीचा विचार चालू आहे, त्यांत किती माणसे आहेत, त्यांची सोय काय लावणार, एवढे सांगितल्याने कोणतीही वाटाघाट मोडत नाही. कारखानदारांच्या संघटनांशी सल्लामसलत करिताना जी गुप्तता आड येत नाही, ती मजूर संघाचे नाव निघताच कोठून आडवी येते?

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, व त्यांच्यापैकी काहींस हा मजुरांचा खाजगी प्रश्न वाटण्याचा संभव आहे. माल स्वस्त आला तर विक्री वाढेल, असा त्यांचा हिशेब असतो, आणि तो पहिल्या वर्षी बरोबरही ठरतो. परंतु ज्या गावात माग बंद पडतात, तेथे उधारीची वही आधी फुगते व नंतर बुडते. तेथील कापडवाला, किराणावाला, खाणावळवाला, घरमालक, शाळेचा मास्तर, सारे त्या एका मजुरीच्या ओघावर उभे असतात. अमेरिकेतील गावांचे आकडे हेच सांगतात. स्वस्त वस्तूने भरलेले दुकान व रिकाम्या खिशाचे गिऱ्हाईक, हा व्यापार नव्हे.

याचबरोबर मजूर संघांस दोन शब्द सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. प्रत्येक करारास डोळे मिटून विरोध करणे, हे डोळे मिटून संमती देण्याइतकेच घातक आहे. विलायतेने आपल्या जकातपत्रकातील सुमारे 99 टक्के बाबींवरील जकात उठविण्याचे कबूल केले आहे. त्यात शिवलेले कपडे आहेत, चामड्याच्या वस्तू आहेत, पायताणे आहेत. म्हणजे तिरुपूरच्या शिवणकामगारास व कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिरास त्यापासून काम मिळण्याचा संभव आहे. तोही मजूरच. एका मजुराचे काम वाचविताना दुसऱ्याचे दार लावून घेणे, ही मजुरांची एकी नव्हे. म्हणून संघांनी कलमे वाचणारे जाणते लोक पदरी ठेवावे, कोणत्या धंद्यात किती नफानुकसान याचे आकडे स्वतः गोळा करावे, आणि ज्यांचा संघच नाही अशा असंख्य असंघटित कामकऱ्यांच्या वतीनेही बोलावे. अमेरिकेच्या महासंघास 2019 साली जे यश आले, ते घोषणांनी नव्हे, तर कलमे वाचल्याने आले.

तेव्हा आमची सूचना मोघम राहू नये म्हणून ती स्पष्ट शब्दांत मांडतो. वाटाघाट सुरू होण्यापूर्वी मजूर संघांची कायद्याने नेमलेली सल्लागार समिती असावी, आणि सह्यांपूर्वी करार संसदेपुढे ठेवावा. मजूरविषयक कलमे उभयपक्षी व सक्तीची असावी. सवलतीच्या भंगास जो पंच, तोच हक्काच्या भंगास असावा. 1995 च्या नियमांत मजूर संघास हितसंबंधी पक्ष म्हणून जागा द्यावी. आणि ज्या धंद्यांस कराराची झळ लागेल, त्यांतील मजुरांसाठी सरकारने स्वतंत्र निधी उभारावा. देशाचा एकंदर फायदा होतो असे जर तज्ज्ञ छातीठोकपणे सांगतात, तर त्या फायद्यातून नुकसान झालेल्याची भरपाई करण्यास त्यांनी कचरू नये. भरपाईला पैसा उरत नसेल, तर तो फायदा कसला?

यांपैकी एकही मागणी व्यापाराच्या विरुद्ध नाही. करार करू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या भाकरीवर करार होतो त्यांना विचारून करा, एवढेच आमचे म्हणणे. तोपर्यंत मजूर संघांचा विरोध हा हट्ट नसून ती त्यांची कैफियत आहे. ती त्यांस कचेरीच्या दाराबाहेर उभे राहून मोठ्याने वाचावी लागते, हा दोष वाचणाऱ्याचा नव्हे. ज्यांनी त्यास समन्स न लावता निकाल दिला, त्यांचा आहे.